पाच लक्षणांची बाई

मी एकदा एका शहाण्या बाईला सरकारी कागदावर वेडी ठरवली. स्वतःच्या वळणदार अक्षरात, खाली कार्बन घालून, तीन प्रतींत. अक्षर इतकं सुरेख होतं की वरच्या डॉक्टरांनी मजकूर न वाचताच सही ठोकली असावी, अशी मला अजून शंका आहे. तेव्हा मी बावीस वर्षांची होते. पांढरी साडी कडक इस्त्रीची, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं, आणि मला सगळं कळत होतं. पुढं वय वाढलं तसं कळणं कमी होत गेलं. आता नातवंडं काही विचारतात तेव्हा बहुतेक वेळा ‘मला काय ठाऊक’ म्हणते आणि सुटते. पण त्या वर्षी मला सगळं कळत होतं, आणि माझ्या त्या कळण्यापायी एक पोर विहिरीत जाता जाता राहिली.

मी आष्ट्याकडची. आमच्याकडं घराबाहेर पाऊल टाकलं की ते उसातच पडायचं. नर्सिंगचा कोर्स करून पहिली नेमणूक मिळाली ती म्हसवडपासून आत, एका मेंढपाळांच्या गावात. दुष्काळ होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, पण त्या गावाला ते कुणी कळवलेलं दिसत नव्हतं. दगड, कुसळं, मेंढरं आणि वर भलंमोठं आभाळ. उपकेंद्र म्हणजे एक खोली, एक टेबल आणि रजिस्टरांची चळत. त्या रजिस्टरांत जगातल्या सगळ्या गोष्टींना रकाना होता. जन्म, मृत्यू, हिवताप, देवीची लस, विहिरीत टाकलेली औषधाची पावडर. मनाला रकाना नव्हता. त्यात ते वर्ष असं की सगळ्या खात्याला एकच ध्यास लागलेला, कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनांचा. कुणी ‘केस’ म्हटलं की समोरचा विचारी, पुरुषाची की बाईची?

गावाच्या कडेला एक घर होतं. घरात सासू, मुलगा आणि सून, तिघंच. सून अठरा-एकोणीस वर्षांची. आषाढात तिचं पहिलं बाळंतपण मीच केलं, मुलगा झाला. श्रावण संपता संपता तो तापानं गेला. दोन्ही नोंदी माझ्याच हातच्या, दोन्ही बिनखाडाखोडीच्या. दोन रकाने भरले आणि माझ्या लेखी त्या घराचं काम संपलं. दिवाळी झाल्यावर मुलगा मेंढरं घेऊन लोणंदच्या अंगानं घाटाकडं गेला, तो आता पाऊस लागायच्या आधी यायचा. सून अशक्त म्हणून मागं राहिली. राहिल्या दोघी.

सून फार गुणाची होती. म्हणजे मला तसं वाटे. डोईवरचा पदर ढळायचा नाही, तोंडातून शब्द निघायचा नाही, सांगितलेलं काम खाली मान घालून करायची. काम संपलं की विहिरीच्या पायऱ्यांवर जाऊन पाण्याकडं बघत बसायची. मी महिला मंडळाच्या बैठकीत चार बायकांसमोर तिचं उदाहरण दिलं. म्हटलं, शांतपणा शिकावा तर हिच्याकडून. बायका माझ्याकडं जरा विचित्र नजरेनं बघायला लागल्या. मी समजले, हेवा वाटतोय.

सासूची तऱ्हा उलटी. डोळे तांबारलेले, केस पिंजारलेले, कुणाशीही भांडायला तयार. सून विहिरीकडं निघाली की ही हातात काठी घेऊन तिच्या मागं. दिवसभर दोघी अशाच हिंडत, पुढं सून, मागं सासू, आणि सासूच्या तोंडून मेंढरं वळवताना घालतात तसल्या हाका. विहिरीच्या पायऱ्यांवर ती बाभळीच्या काट्या आणून टाकायची. पाण्याला आलेल्या बायकांचे पाय फुटायचे, शिव्यांची लाखोली चालायची. बायका काट्या काढत, ही परत टाकायची. आणि कहर म्हणजे तिनं सुनेच्या कमरेला घंटी बांधली होती. मेंढराच्या गळ्यात असते तीच, पितळेची. पोरगी चालली की किण किण वाजायची.

ते बघून माझ्यातली सुधारक खवळली. मी भर चावडीसमोर त्या पोरीच्या कमरेची घंटी सोडली, सासूला म्हटलं की सून म्हणजे जनावर नव्हे, आणि घंटी पुरावा म्हणून माझ्या टेबलाच्या खणात ठेवून दिली. चार लोकांनी मला वा वा केलं. पोरगी घंटीशिवाय विहिरीकडं चालू लागली, तशी म्हातारी धावत तिच्या मागं गेली.

मेंढपाळाच्या घरात कुणालाही विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की जे मेंढरू कळप सोडून भलतीकडं जातं, घंटी त्याच्या गळ्यात बांधतात. डोळा चुकला तरी कान लागलेला राहतो. पण मी विचारणार कशी? मला सगळं कळत होतं ना.

त्याआधी सासू तीनदा माझ्याकडं येऊन गेली होती. प्रत्येक वेळी एकच मागणं, पोरीला कायतरी औषध दे. सिद्धनाथाला नारळ देऊन झाला होता, एका बाईकडून अंगारा आणून झाला होता, आता सरकारचं औषध हवं होतं. मी पहिल्यांदा लोहाच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांदा बी-कॉम्प्लेक्स. तिसऱ्यांदा मी तिला पुस्तकी मराठीत समजावलं की तुमची सून पूर्णपणे निरोगी आहे, तुम्हीच जरा मन शांत ठेवा. ती म्हणाली, म्या काय येडी हाय व्हय? हे वाक्य मी लगेच वहीत टिपून घेतलं.

का टिपलं, तेही सांगते. आमच्या ट्रेनिंगमध्ये मनाच्या आजारांना एक अख्खा दिवस दिलेला होता. सकाळी तासभर व्याख्यान, मग बसमध्ये घालून एका मोठ्या शहरातलं वेड्यांचं इस्पितळ दाखवायला नेलं. तिथं गजांतून एका बाईनं हात घालून माझी वेणी धरली. मी किंचाळले, पळापळ झाली. मागाहून मैत्रिणीनं सांगितलं की माझी रिबीन सुटली होती, ती बाई बांधून देत होती. मग चहा-बिस्किटं झाली आणि आम्ही त्या विषयात तयार होऊन परतलो. व्याख्यानातली पाच लक्षणं माझ्या वहीत लाल शाईनं लिहिलेली होती. झोप न लागणे. स्वतःशी पुटपुटणे. विनाकारण भटकणे. विचित्र वागणूक. आणि पाचवं, आपल्याला काहीही झालेलं नाही असं रुग्णाने ठामपणे सांगणे. या पाचव्यातली गोम मला फार उशिरा कळली. पहिल्या चारांतून माणूस कसाबसा सुटेल. पाचव्यातून सुटायचं कसं?

म्हातारीत पाचही लक्षणं होती. मी अहवाल लिहिला. तालुक्याच्या आरोग्य केंद्रावर घेऊन गेले. तिथले डॉक्टर माझ्याहून चार वर्षांनी मोठे, ऑपरेशनच्या कॅम्पच्या यादीत बुडालेले. त्यांनी आधी विचारलं, पुरुष की बाई. मी म्हटलं बाई, पण मनाची केस आहे. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, बाई, मनाच्या केसला आपल्याकडं दोनच उपाय. बी-कॉम्प्लेक्स द्यायचं, नाहीतर पुढं पाठवायचं.

पुढं म्हणजे कुठं, हा प्रश्न मी तेव्हा पहिल्यांदा विचारला. वेड्यांच्या इस्पितळात घालायचं तर मॅजिस्ट्रेटचा हुकूम आणि सोबत पोलीस. त्याखाली, आम्हाला माहीत होती तेवढी, एकच सोय. सांगलीकडं मनाचे एक डॉक्टर होते, ते एका गुरुवारी सांगलीला बसत आणि एका गुरुवारी साताऱ्याला येत. महाबळेश्वरच्या डोंगरापासून जतच्या माळापर्यंत जेवढ्या म्हणून माणसांची मनं बिघडत, त्यांनी बेतानं, गुरुवार बघून बिघडावं अशी व्यवस्था होती. ज्यांना तेवढा धीर नव्हता ते देवाच्या दारी जात. तिथं हुकूम लागत नव्हता आणि वारही सगळे चालत होते. डॉक्टरांनी माझ्या तीन प्रतींवर तीन सह्या केल्या आणि म्हणाले, येत्या गुरुवारी साताऱ्याला घेऊन जा. तिथं ते पुढचा हुकूम मिळवायचा की नाही ते बघतील.

आता म्हातारीला न्यायचं कसं? मी खोटं बोलले. तिला म्हटलं, चला साताऱ्याला, तुमच्या सुनेसाठी मोठ्या डॉक्टरकडून औषध आणू. तिचा चेहरा असा उजळला की क्षणभर माझंच मन चरकलं, पण मी ते आवरलं. ती म्हणाली, मग पोरीलाबी घिऊ या की संगं. मी म्हटलं, छे, तिला कशाला एवढा त्रास, ती घरी बरी आहे. ती विचार करून म्हणाली, बरं, मी काडते तजवीज.

तिची तजवीज काय होती ते गुरुवारी पहाटेच्या एसटीला कळलं. म्हणजे डोळ्यांनी दिसलं, कळलं नाही. गावात एक सर्वमान्य वेडा होता. फौजेत होता, लढाईहून परत आला तो असाच. पन्नाशीचा, उन्हाळ्यातसुद्धा अंगात फौजेचा जाड कोट, एसटीच्या थांब्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीला सलाम करायचा. त्याला सगळे नुसतं मिलट्री म्हणत. त्याचा अहवाल मी कधी लिहिला नाही. एक तर त्याला वेडा ठरवायचं काम गावानं आधीच उरकलं होतं. आणि दुसरं, तो मलाही खाडकन सलाम करायचा, त्यामुळं माझं त्याच्याविषयी मत चांगलं होतं.

तर एसटी यायच्या आधी म्हातारी त्याच्याजवळ गेली, हात करून विहिरीकडं दाखवत कितीतरी वेळ काही सांगत राहिली, शेवटी आपली काठी त्याच्या हातात दिली. त्यानं काठी खांद्याला लावली, टाच आपटली आणि विहिरीकडं चालता झाला. मी डायरी काढून लिहिलं, ‘रुग्ण इतर मनोरुग्णाशी संवाद साधते.’ ती डायरी नंतर मी चुलीत घातली. पण वाक्य काही जळलं नाही.

गाडी सुटली. म्हातारी खिडकीशी, नवं लुगडं, मांडीवर भाकरीचं गाठोडं. मी रुग्णाशी वाद घालू नये या नियमानं तयारीत बसले होते. ती सुनेचं बोलू लागली. बाळ गेल्यापास्नं पोरगी जेवत न्हाई, झोपत न्हाई, माझ्याकडं बघून बघत न्हाई. हिरीकडं गेली की पान्यात बाळ दिसतंय म्हनती. मी हो हो म्हणत होते. पाण्यात बाळ दिसणं हा म्हातारीचा भास आहे असं मी मनात नोंदवलं. कुणाचा भास कुणाच्या नावावर मांडावा, इतकीसुद्धा पोच मला नव्हती. आणि मग बोलता बोलता तिची मान कलली. दहिवडी यायच्या आत माझं पहिलं लक्षण माझ्याच खांद्यावर घोरायला लागलं. पुसेगाव गेलं, कोरेगाव गेलं, कंडक्टर दोनदा तिकिटं बघून गेला, ती हलली नाही. तोंडाची लाळ माझ्या इस्त्रीच्या पदरावर. जिला झोप लागत नाही असं मी तीन प्रतींत लिहिलं होतं, ती बाई चांगली अडीच तास झोपली. मी खिडकीबाहेर बघत अहवालात बदल करावा का याचा विचार करत होते. नको म्हटलं, खाडाखोड वाईट दिसते.

साताऱ्याला मनाच्या डॉक्टरांना बसायला व्हरांड्याचं एक टोक दिलेलं होतं, मध्ये पडदा. पडद्याबाहेर रांग. रांग म्हणजे माणसं भिंतीला टेकून बसलेली. पाटणच्या डोंगरातून एकजण भावाला घेऊन आला होता, भावाचा हात फेट्याच्या टोकानं स्वतःच्या मनगटाला बांधलेला. लोणंदहून एक आई आली होती, तिशीची मुलगी मांडीवर डोकं ठेवून निजलेली. ही दोन्ही घरची माणसं आदल्या खेपेलाही येऊन गेली होती. त्या गुरुवारी वाटेत गाडी बंद पडली होती आणि डॉक्टर पोचले नव्हते. कुणी तक्रार करत नव्हतं. आलेत हेच पुष्कळ, असा सगळ्यांचा चेहरा. दोन तास आम्ही तिथं बसलो. तेवढ्यात म्हातारीनं सगळ्या रांगेची विचारपूस केली, फेट्यानं बांधलेल्या भावाला आपल्यातली अर्धी भाकरी दिली, लोणंदच्या मुलीच्या केसातून हात फिरवला. मी आपली फाईल छातीशी धरून ताठ बसलेली. कुणी नवखा तिथं आला असता तर रांगेतली नर्स कोण आणि पेशंट कोण, त्याला अंमळ अडचण पडली असती.

आमचा नंबर आला. डॉक्टर मध्यमवयीन, चष्मेवाले, आवाज हळू. त्यांनी माझा अहवाल वाचला. सगळा वाचला, हे मला नवीन होतं. मग मला काहीच न विचारता म्हातारीकडं वळले.

‘‘मावशी, झोप येत नाही का?’’

‘‘येती की. लय येती. पर म्या झोपलं तर ती उटंल न्हवं?’’

‘‘कोण?’’

‘‘सून.’’

‘‘उठून काय करेल?’’

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं. एवढी साधी गोष्ट हा विचारतोय, आता तूच सांग, अशा नजरेनं. मी फाईलकडं बघितलं. ती म्हणाली, ‘‘हिरीत जाईल. दोनदा जाता जाता धरली म्या.’’

‘‘हाका कुणाला घालता?’’

‘‘तिलाच. नावानं हाक मारली तर वळत न्हाई. मेंढराची हाक घातली की वळती. ल्हानपनापास्नं तीच ऐकल्याली हाय न्हवं?’’

‘‘आणि घंटी?’’

‘‘ती या बाईनं काडून न्येली.’’

डॉक्टरांनी चष्मा काढला. मला वाटलं आता रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, ‘‘सिस्टर, आज त्या मुलीजवळ कोण आहे?’’

मी फाईल उघडली. ज्या एका माणसानं चार महिने न झोपता त्या पोरीला जिवंत ठेवलं होतं, त्या माणसाला मी फसवून, एसटीत घालून, पन्नास-साठ मैल दूर आणून बसवलं होतं. आणि अहवालात सुनेविषयी एक वाक्य होतं. ‘सून शांत व समंजस आहे.’

‘‘हाय की,’’ म्हातारी म्हणाली. ‘‘मिलट्री हाय.’’

मिलट्री कोण ते मला डॉक्टरांना सांगावं लागलं. त्यांनी ऐकून घेतलं, थोडं औषध दिलं, ते कसं द्यायचं ते मला नाही, म्हातारीला समजावलं, तिच्याकडून वदवून घेतलं. म्हणाले, पुढच्या गुरुवारी मी सांगलीला आहे, काही करून तिला तिथं आणा, तोवर एक मिनिट एकटी सोडू नका. हे आजार बरे होतात. मग मला म्हणाले, आता निघा, दुपारची गाडी गाठा.

ती गाडी मी आयुष्यभर विसरणार नाही. तीच कोरेगाव, तेच पुसेगाव, पण आता ड्रायव्हर प्रत्येक थांब्यावर उतरून चहा पिणारा. म्हातारी जागी होती आणि शांत होती. मी मात्र स्वतःशी पुटपुटत होते, जागच्या जागी उठबस करत होते, आणि समोरच्या बाईनं ‘काय झालं गं’ म्हणून विचारलं तेव्हा ‘मला काही झालेलं नाही’ असं ठामपणे सांगितलं. पाचातली चार तरी भरली.

दिवस कलताना गावात उतरलो. विहिरीभोवती ही गर्दी. म्हातारी लुगडं वर खोचून झपाझपा पुढं गेली, आणि मी तिच्या मागं.

पायऱ्यांच्या तोंडाशी मिलट्री उभा होता. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, काठी खांद्याला. समोर रिकाम्या कळशा-घागरींची रांग, आणि गावातल्या यच्चयावत बायका त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. सकाळपासून त्यानं एकाही माणसाला पाणी भरू दिलं नव्हतं. कुणी पुढं आलं की तो गरजायचा, ‘‘थम! कौन आता है?’’ दोन तरण्या पोरांनी त्याला हलवायचा प्रयत्न केला होता, त्यातल्या एकाचं कपाळ सुजलं होतं. सरपंच येऊन समजावून गेले होते. त्यानं सरपंचांना सलाम केला होता, पण पाण्याला जाऊ दिलं नव्हतं.

आणि त्याच्यापासून चार हातांवर, लिंबाच्या सावलीत, सून बसली होती. जिवंत, कोरडी. बायकांनी सांगितलं ते असं की ती दिवसात तीनदा विहिरीकडं आली. तिन्ही वेळा त्यानं काठी आडवी धरून सांगितलं, पास न्हाई तर आत जायाला मनाई हाय. तिसऱ्या वेळी ती परत न जाता तिथंच बसली. दुपारी तिनं घरी जाऊन भाकरी आणली, अर्धी त्याला दिली, आणि किती दिवसांनी कोण जाणे, अर्धी स्वतः खाल्ली. दोन जिल्ह्यांत मिळून त्या दिवशी मनाच्या आजाराच्या कामावर जेवढी माणसं हजर होती, त्यात एक सांगलीचे डॉक्टर आणि एक हा. रजिस्टरला दोघांपैकी एकाचंच नाव होतं.

म्हातारी त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, जा आता, तुझी डूटी सपली. त्यानं काठी तिच्या हातात दिली, टाच आपटली, आणि थांब्याकडं निघून गेला. संध्याकाळच्या गाडीचा सलाम राहिला असता ना.

सरपंच मला बाजूला घेऊन म्हणाले, बाई, म्हातारीचं केलंत तसा या गड्याचाबी येक कागद करा आन् धाडा कुठंतरी, लय तरास दिला आज. मी म्हटलं, माझी शाई संपलीय. माझ्या नोकरीतलं ते पहिलं शहाणपणाचं वाक्य, आणि तेही खोटं.

पुढच्या गुरुवारी आम्ही तिघी सांगलीला गेलो. तिथं एक अडचण निघाली. केसपेपर होता तो म्हातारीच्या नावाचा, वर माझ्या वळणदार अक्षरातला अहवाल टाचलेला. डॉक्टर म्हणाले, हा रद्द करू, सुनेच्या नावानं नवा काढू. म्हातारीनं विचारलं, त्यावर काय लिहिणार? त्यांनी जरा घुटमळत सांगितलं. ती म्हणाली, मग नगं. का, म्हणून विचारलं तर नुसती मान हलवत राहिली. डॉक्टर तिच्याकडं बघत राहिले, मग सुनेकडं, मग त्यांनी पेनला टोपण लावलं आणि जुनाच कागद पुढं ओढला. तेव्हापासून दर खेपेला पेशंटच्या स्टुलावर म्हातारी बसायची आणि सोबत आलेल्या नातेवाइकाच्या बाकावर सून. डॉक्टर बोलायचे सुनेशी, औषध लिहायचे म्हातारीच्या कागदावर. कधी साताऱ्याचा गुरुवार, कधी सांगलीचा. घंटी मी खणातून काढून परत दिली होती, ती दोन महिन्यांनी म्हातारीनं स्वतःच सोडली आणि मेंढरांना ठेवली. पावसाच्या तोंडाला मुलगा घाटावरून परत आला तेव्हा बायको उंबऱ्यात उभी राहून त्याला उशीर का झाला म्हणून बोलली. म्हातारीनं येऊन मला हे असं सांगितलं जसं काही लॉटरी लागली.

मग मला माझ्या तीन प्रती आठवायला लागल्या. दर महिन्याच्या बैठकीत वरून विचारणा व्हायची, तुमच्या भागातल्या त्या मनोरुग्ण वृद्धेची प्रगती काय? मी लिहायची, समाधानकारक. शेवटी एक दिवस मी धीर केला आणि म्हातारीच्या घरी गेले. सून आत भाकरी थापत होती, मुलगा बाहेर गेलेला. मी म्हातारीच्या पायांशी बसले, म्हटलं, आत्या, माझं फार चुकलं, मी वर लेखी कळवते की तुम्ही कधीच वेड्या नव्हत्या, सगळा दोष माझा होता, आणि खरं नाव घालून कागद नीट करून घेते. नोकरी गेली तर गेली. मी बरीचशी रडले पण. ती लोकर विंचरत होती. तिनं हात थांबवला नाही. आत भाकरीचा आवाज चालू आहे ना याचा कानोसा घेतला, आणि मग मला म्हणाली:

‘‘गप बस. काय खोडू नगंस आन् काय लिवू नगंस. तिचं नाव तितं घातलंस की तिचे चुलतसासरे दुसऱ्या दिशी माझ्या ल्योकाला दुसरी बायकू बघत्याल. मला येडी म्हनलं तर माझं कोन लगीन मोडतंय आता? सरकारला येक येडी पायजेच आसंल तर मी हाय की. दोन लागत आसतील, तर खाली तुझं नाव घाल.’’